दोन तृतीयांश

यंदाच्या अंकाचा विषय स्थलांतर. मराठवाड्यातला पूर झाला, हिंदीसक्तीचा शासन निर्णय आला आणि मागे गेला. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आमच्या डोक्यात वर्षभर घोळत राहिलं ते वेगळंच स्थलांतर, आमदारांचं. ऑगस्टमध्ये दिगंबर कामत गोव्याचे मंत्री झाले आणि कुणाची भुवईसुद्धा वर गेली नाही. हे गृहस्थ १९९४ ला भाजपचे आमदार, २००५ ला काँग्रेसवासी, २००७ ते २०१२ काँग्रेसचे मुख्यमंत्री. २०२२ च्या निवडणुकीआधी पक्ष सोडणार नाही म्हणून काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात शपथा घेतल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले, कामतही गेले. देवाला पुन्हा विचारलं, तो म्हणाला योग्य वाटेल ते कर, असा कामतांचा खुलासा. देवाची साक्ष काढणं सोपं, उलटतपासणी कोण घेणार?

पण राग कामतांवर काढून भागणार नाही. आकडे पाहा. २०१९ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगोप) तिनातले दोन आमदार भाजपमध्ये गेले, जुलैमध्ये काँग्रेसचे पंधरातले दहा, २०२२ ला अकरातले आठ. तिन्ही वेळा दोन तृतीयांशाला लागतात नेमके तेवढेच. एकही जास्त नाही. मतपरिवर्तन असं मोजून होत नसतं. १९८५ च्या पक्षांतरबंदीने एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला मोकळीक दिली होती, २००३ च्या दुरुस्तीने ती काढली. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातला, दोन तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाला मुभा देणारा चौथा परिच्छेद मात्र शाबूत राहिला. किरकोळीला बंदी आणि घाऊकीला परवाना, ही समाजवादी नेते मधू लिमयांची टीका कायद्याच्या जन्माइतकीच जुनी. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये २०१९ ची विलीनीकरणं वैध ठरवली. त्यामुळे फुटणाऱ्याला धोरण पटवून द्यावं लागत नाही, फक्त माणसं जमवावी लागतात.

आमदाराला विवेक नसावा काय, असं विचारलं जातं. जरूर असावा, व्हिपच्या धाकाने प्रत्येक विधेयकावर मान डोलवावी असं आम्हीही म्हणत नाही. पण विवेक जागा झालेल्याला राजीनाम्याची वाट उघडी आहे. विश्वजित राणे २०१७ ला काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले, लगेच राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि वाळपईची पोटनिवडणूक जिंकले. त्यांचं राजकारण पटो न पटो, मतदाराला दुसऱ्यांदा विचारलं गेलं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: लोकांनाच फरक पडत नाही, तेच त्यांना पुन्हा निवडून देतात. हे खरं नाही. २०१९ च्या त्या बारांतले बहुतेक जण २०२२ ला विधानसभेत परतले नाहीत. मगोपमधून भाजपमध्ये गेलेले बाबू आजगावकर तर मडगावात उभे राहिले आणि हरले. त्यांना हरवलं काँग्रेसच्या दिगंबर कामतांनी. मडगावकरांनी पक्षांतराविरुद्ध दिलेलं मत सहा महिन्यांत भाजपच्याच खात्यावर जमा झालं. आता मतदाराने आणखी काय करायचं?

या अंकात ज्यांच्या स्थलांतराच्या कथा आहेत, त्यांना गाव सोडताना घर मागे टाकावं लागलं. आमदार पक्ष सोडतो, पण जागा घेऊन जातो. विषयाशी आमचा सांधा एवढाच. ओढूनताणून वाटला तर वाटो. चौथा परिच्छेद काढावा, जायचं त्याने राजीनामा देऊन जावं, एवढी साधी मागणी आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, आणि तिलाही सभागृहात दोन तृतीयांशच मतं लागतात.