तबकडीचा वाद आणि तबकडीचे काम

अमेरिकेत २०२२ मध्ये नगांच्या हिशेबात व्हायनल रेकॉर्डनी सीडीला मागे टाकले. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. रेकॉर्डबरोबर जुना वादही परतला: आवाज कशावर अधिक चांगला?

खरे तर याचा निकाल फारसा अवघड नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातला फरक सीडी एलपीपेक्षा बराच जास्त पकडते. शिवाय एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच गतीने घेत असली, तरी मधल्या लेबलापाशी आल्यावर सुईखालून सरकणारी खाच काठावरच्या निम्म्याहूनही कमी वेगाने जाते. तिथे तार आवाजाची धार बोथट होते. तरीही एखादी जुनी एलपी तिच्याच सीडीपेक्षा सरस वाटते, आणि तो नेहमीच भास नसतो. नव्वदीत सीडी अधिक दणक्यात वाजावी म्हणून आवाजातले चढउतार सपाट करण्याची खोड लागली होती. दोष सीडीचा नव्हे, ती तयार करणाऱ्यांचा.

आपल्याकडे मात्र खरा प्रश्न एलपीच्याही आधीच्या, लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून सुमारे पन्नास वर्षे खयाल, ठुमरी, नाट्यपदे तीन-साडेतीन मिनिटांत बसवली गेली. अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर, बालगंधर्व यांचे त्या काळातले गाणे आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः याच वाटेने. पुढे एलपी, कॅसेट, सीडीवर आले ते त्यातले निवडकच. बाकीचे संग्राहकांच्या कपाटात किंवा चोरबाजारातल्या गठ्ठ्यात आहे. मोबाइलवर सापडलेच, तर नाटकाचे नाव, राग, तबकडीचा क्रमांक यांचा पत्ता नसतो. लेबलावर यातले बरेचसे छापलेले असते.

या तबकड्या हाताळायला जाणकारी लागते. त्यांची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन धूळच वाजवते. स्पिरिटने पुसले तर लाख विरघळते. गतीचा घोळ वेगळाच. सुरुवातीच्या अनेक तबकड्या ७८ च्या म्हटल्या जातात, पण मुद्रण त्याहून कमी फेऱ्यांवर झालेले असते. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ वर लावली, की काळी एकचा षड्ज जवळजवळ पांढरी दोनला जाऊन बसतो. मग 'जुन्या गवयांचा स्वर काय उंच!' म्हणून आपण माना डोलावतो.

कायद्याची अडचण वाटते तेवढी नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. पदाचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते तपासावे लागतात. तरी ७८ च्या जमान्यातल्या बहुतेक मुद्रणांची मुदत उलटून गेली आहे. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने हौसेच्या बळावर जमेल तेवढे केले. आता विद्यापीठांच्या संगीत विभागांनी आणि मोठ्या ग्रंथालयांनी पदरचा पैसा घालायला हवा: संग्राहक हयात आहेत तोवर त्यांच्याकडे जावे, तबकडी वाजवून उतरवून घ्यावी, लेबलाचे छायाचित्र काढावे आणि कोणती सुई, किती फेरे, हे शेजारी लिहून ठेवावे.