भिंतींची किंमत, जमिनीचा विसर

मुंबई-पुण्यात घर शोधणारा सुशिक्षित गृहस्थ व्यवहारात आपण सहसा फसत नाही, अशा समजुतीत असतो. फरशी, नळ, खिडक्या तो बारकाईने पाहतो, शेजारचे घर काय भावाने गेले याची चौकशी करतो आणि त्या भावाने हिशेब मांडून मोकळा होतो. हिशेब चुकतो तो येथेच. भाव चौरस फुटाचा खरा. पण तो चौरस फूट कोणता? ‘रेरा’ कायद्यामुळे 2017 पासून नव्या प्रकल्पांत चटईक्षेत्र सांगणे बंधनकारक झाले; जुन्या घरांचे दलाल मात्र अजूनही जिना, लॉबी धरूनच क्षेत्रफळ बोलतात. 1,000 फुटांचे म्हणून 15,000 रुपये दराने घेतलेले घर आतून 650 भरले, तर खरा दर 23,000 च्या वर जातो.

ही चूक निदान टेप लावून ओळखता तरी येते. त्याहून गंभीर चूक जमिनीविषयीची आहे. इमारत वर्षागणिक झिजते. किंमत वाढते ती तिच्याखालील जमिनीची. आणि ती जमीन कोणाच्या नावे आहे, हे विचारणारा ग्राहक आम्हांस विरळाच आढळतो. महाराष्ट्राच्या 1963 च्या मालकी सदनिका कायद्याखालील नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर, गृहनिर्माण संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे व्हावयास हवे. बिल्डरांनी ते इतके टाळले की 2008 साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. तरीही अनेक इमारतींच्या मिळकत पत्रिकेवर आज मूळ मालकाचेच नाव आहे. अशी इमारत मोडकळीस आली की पुनर्विकासाची बोलणी अडतात. ज्या वाढीव चटईक्षेत्राच्या भरवशावर चढा भाव दिला, त्यावर दुसराच हक्क सांगू लागतो. शेजारच्या संस्थेचे अभिहस्तांतरण झालेले असेल, तर तिचा भाव या घरास लावण्यात काय अर्थ?

भोगवटा प्रमाणपत्राकडेही असाच काणाडोळा होतो. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीतील बेकायदा मजले पाडण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली मोकळा केला, तेव्हा रहिवाशांनी तेथे घरे घेऊन दशके लोटली होती.

बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे किंमत रास्त, हा दिलासाही फसवाच. 75 लाखांवरील गृहकर्जात बँक मूल्याच्या 75 टक्क्यांहून अधिक देत नाही. भाव उतरला तर प्रथम बुडतो तो ग्राहकाचा पाव हिस्सा. हप्त्यांचे कोष्टक मांडण्यापूर्वी मिळकत पत्रिका मागवून पाहावी. भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावरून ती आता अल्प शुल्कात घरबसल्या मिळते.