हजेरीपट दाखवा

फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातील एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याने २३ ऑक्टोबर २०२५ रोजी आयुष्य संपवले. तळहातावर लिहिलेल्या मजकुरात त्यांनी एका पोलीस उपनिरीक्षकासह दोघांवर गंभीर आरोप केले होते. दोघांनाही अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ संघटनेने मात्र थांबायचे नाही असे ठरवले आणि ३ नोव्हेंबरपासून राज्यभर बाह्यरुग्ण सेवा बंद ठेवण्याची हाक दिली. तातडीची सेवा चालू राहील, असेही सांगितले. तो सोमवार होता. सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीसमोर सर्वांत मोठी रांग लागते ती सोमवारीच.

अशा वेळी ‘डॉक्टर संपावर, रुग्ण वाऱ्यावर’ हा मथळा मराठी वृत्तपत्रांत जणू जुळवून ठेवलेलाच असतो. पण संप नसतो तेव्हा रुग्ण नेमका कोणाच्या भरवशावर असतो, हे कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर मिरजेत एक आहे आणि फलटणमध्ये दुसरेच.

मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. त्याला जोडलेल्या मिरज आणि सांगलीच्या रुग्णालयांत जत, आटपाडीपासून अथणीपर्यंतचे रुग्ण येतात. कागदावर विभागप्रमुख प्राध्यापक असतात, पण रात्री दोन वाजता वॉर्डात भेटतो तो निवासी डॉक्टर. म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी. सलाईन लावणे, रक्ताचे नमुने काढणे, रक्तपेढीशी भांडणे, नातेवाईकांची समजूत घालणे हे सारे त्याच्याच गळ्यात. निवासी डॉक्टरांकडून सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम सहसा घेऊ नये, असे केंद्राने १९९२ मध्येच सांगितले आहे. सरकारी रुग्णालयात हा आकडा कोणी गंभीरपणे उच्चारला, तर ऐकणारे निवासी डॉक्टर हसतील. विद्यार्थी वर्गाबाहेर गेले की शाळा बंद पडते हे समजू शकते. रुग्णालय बंद पडत असेल, तर ते विद्यार्थ्यांच्या जिवावर चालवले जात आहे, एवढाच त्याचा अर्थ. जानेवारी २०२३ च्या संपात ‘मार्ड’ची प्रमुख मागणी वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करा, ही होती. ती जेवढी डॉक्टरांसाठी होती, तेवढीच रुग्णांसाठीही होती.

तरीही वैद्यकीय महाविद्यालयात एक दुसरी फळी असते. संप झाला की सहायक आणि सहयोगी प्राध्यापक ओपीडीत येऊन बसतात. हर्निया, मोतीबिंदू अशा ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात. जगातील निरनिराळ्या डॉक्टर-संपांचा एकत्रित अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा संपाच्या काळात मृत्यू वाढल्याचे आढळले नाही. काही ठिकाणी ते घटले होते. तातडीची सेवा ज्येष्ठांनी सांभाळली आणि नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या, ही त्याची मुख्य कारणे. पण न्यूयॉर्क राज्यातील परिचारिकांच्या संपांचा अभ्यास झाला, तेव्हा रुग्णालयातील मृत्यू सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. परिचारिकेच्या मागे दुसरी फळी नसते. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, त्यात परिचारिकाही होत्या. त्या वेळी वॉर्डांची काय अवस्था झाली हे आठवून पाहावे.

आता फलटणकडे वळू. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात निवासी डॉक्टर नसतो, प्राध्यापकही नसतो. रात्रपाळीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे प्रसूती येते, सर्पदंश येतो, विष प्यायलेला शेतकरी येतो, महामार्गावरचा अपघात येतो. पोलीस आरोपीला तपासणीसाठी आणतात. सकाळी शवविच्छेदन उरलेलेच असते. नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडचे ऊसतोड मजूर फलटण, कराड, वाळव्याच्या फडांत उतरतात आणि हा भार आणखी वाढतो. फलटणच्या प्रकरणात तपासणीच्या दाखल्यांवरून पोलिसांशी झालेला वाद आणि त्याबाबत आधीच केलेली लेखी तक्रार पुढे आली आहे. दाखल्यावर सही करणारे एकच माणूस ड्युटीवर असेल, तर दबाव कोणावर आणायचा हे शोधावे लागत नाही. मनुष्यबळाची टंचाई रुग्णाला भोवते हे आपण जाणतो. ती डॉक्टरलाही एकटे पाडते, हे फलटणने दाखवले.

आणि अशा डॉक्टरने संप करायचा तरी कसा? जुलै २०१४ मध्ये ‘मॅग्मो’ या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संघटनेने तो केला. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामीण रुग्णालयांतील सुमारे बारा हजार डॉक्टर त्यात होते. आषाढी एकादशी ९ जुलैला होती, पालख्या वाटेवर होत्या. मागण्यांत तथ्य असले तरी तातडीची सेवा देणारा एकुलता डॉक्टर उठून जातो, तेव्हा तो सरकारला नव्हे, बाळंतिणीला वेठीस धरतो. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. म्हणून बाह्यरुग्ण विभाग बंद आणि अपघात विभाग चालू, ही ‘मार्ड’ने आखलेली रेषा योग्य आहे. मात्र अपघात विभागात त्या दिवशी कोण असेल, हे संघटनांनी नोटिशीबरोबरच नावानिशी जाहीर केले पाहिजे. नुसते ‘सेवा चालू राहील’ म्हणणे पुरेसे नाही.

सरकारची तत्परता मात्र एकाच बाजूची. १४ मार्च २०२३ रोजी पेन्शनचा संप सुरू झाला आणि त्याच दिवशी विधिमंडळात अत्यावश्यक सेवांतील संपाला मनाई करणारे मेस्मा विधेयक चर्चेविना मंजूर झाले. सेवा अत्यावश्यक आहे, म्हणून ती थांबवणाऱ्याला शिक्षा. मग त्याच सेवेतील पद वर्षानुवर्षे रिकामे ठेवणाऱ्याला काय? डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदाही २०१० पासून आहे. त्यात तीन वर्षांची कैद आणि पन्नास हजारांचा दंड आहे. तरी धुळ्यात डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर मार्च २०१७ मध्ये चार हजारांवर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि उच्च न्यायालयापुढे ११०० सुरक्षारक्षक देण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले. प्रत्येक संपानंतर एक आश्वासन मिळते, आणि ते पाळले गेले की नाही याची आठवण पुढच्या संपालाच होते.

म्हणून सातारा आणि सांगली जिल्ह्यांत एक साधी गोष्ट ताबडतोब करता येईल. कराडपासून जतपर्यंतच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या दारात एक फलक लावावा: डॉक्टर आणि परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, या पाळीला हजर किती. आकडे दर पाळीला बदलावेत. जिल्हा शल्यचिकित्सकांनी तातडीच्या सेवेसाठीची किमान संख्या लेखी ठरवावी आणि तिच्याखाली हजेरी गेली, तर कारण संप असो वा रिक्त पद, त्याच दिवशी पालकमंत्र्यांना कळवावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. हजेरीपट रुग्णालयात असतोच. तो लोकांना दिसेल अशा ठिकाणी लावायचा आहे.