स्नेहसंमेलनानंतर

वैद्यकीय महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनास जमतात, विद्यालयास घड्याळ अगर कपाट अर्पण करतात, छायाचित्र निघतें आणि मंडळी पांगतात. त्यांस आमची एक विनंती आहे. धुळ्याचें श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८० च्या दशकाच्या अखेरीस निघालें, जळगांवचें २०१८ सालीं. धुळ्याचे पहिले विद्यार्थी आज पन्नाशी ओलांडलेले, बहुतेक नांवारूपास आलेले असणार.

आईबापांस अंतरलेलें मूल बालगृहांत येतें, रात्रीं अंथरूण ओलें करतें, कधीं महिनोन्‌महिने बोलतच नाहीं. त्यास हट्टी ठरवून शिक्षा करणारे पुष्कळ भेटतात. हें दुःखाचें लक्षण असूं शकेल असें ओळखणारा क्वचित्‌. त्यासाठीं दर वेळीं मानसोपचारतज्ज्ञच हवा असेंही नाहीं. जाणत्या बालरोगतज्ज्ञास तें कळतें, आणि मुलास पुढें कोठें पाठवावें हेंही.

मुंबईच्या के. ई. एम. मध्यें शिकलेल्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं ठाण्यास मानसिक आरोग्याची संस्था उभारली. तेवढें सर्वांस साधणार नाहीं. परंतु महिन्याचे दोन शनिवार खानदेशांतील एकाच बालगृहास देणें साधेल. आज एक डॉक्टर, उद्यां दुसरा, असें मात्र नको. या मुलांनीं निघून जाणारीं माणसें पुष्कळ पाहिलीं आहेत.