हौशी संगीत नाटक

अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्यास सरकारी कचेरीत नोकरीस होते. ती सांभाळूनच त्यांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आणले. मराठी संगीत नाटकाचा पाया असा हौसेतून घातला गेला.

ठाण्यास मासुंदा तलावाच्या काठी १९७८ साली गडकरी रंगायतन उभे राहिले. परंतु केवळ नाट्यगृह बांधल्याने नाटक जगत नाही. नौपाड्यातील मुलामुलींनी उन्हाळ्याच्या सुटीत ‘सौभद्र’ बसविले, तर सूर क्वचित चुकेल, तालही निसटेल. म्हणून त्यांस कोणी हसू नये. ध्वनिमुद्रिकेतील गाणे निर्दोष असते खरे. पण स्वतःच्या गळ्यावर चढलेले पदच पुढील पिढीस शिकविता येते. जेथे ही हौस टिकेल, तेथेच संगीत नाटकही टिकेल.