मासे कुणी मारले?

(द्वितीय वर्ष कला)

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, ही म्हण आपण सारेच जाणतो. पण प्रत्यक्षात फांदी तुटली की आपण कावळ्याच्याच मागे लागतो! नुकसान झाले की आधी माणूस धरायचा आणि कारण मागाहून शोधायचे, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. शिकलेले लोकही तिला अपवाद नाहीत.

द्रोणागिरीत आमच्या नात्यातील एका काकांच्या घरामागे परसात सिमेंटचे कुंड आहे. त्यात कमळे आणि हौसेने पाळलेले रंगीत मासे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तीन दिवसांत नऊ मासे मेले. शेजाऱ्याशी कुंपणावरून जुना वाद होताच. "त्यानेच औषध टाकलं," असा निकाल काकांनी देऊन टाकला. काकूंच्या मते नजर लागली होती. शेजारच्या घरी हळद चार दिवसांवर आलेली, आणि इकडे पोलीस ठाण्याची भाषा सुरू झाली!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरात पुस्तके नव्हती. पण खाडीत जन्मभर जाळे टाकलेले आजोबा आहेत. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. मासे कोणत्या वेळी मेले? आधी मोठे मेले की लहान? बेडूक, किडे जिवंत आहेत का?

उत्तरे मी वहीत लिहिली. मासे दर वेळी पहाटेच मेलेले आढळले. आधी मोठे मेले. लहान गप्पी मासे जिवंत राहिले. बेडूक आणि पाणकिडे मजेत होते. पाणी हिरवे झाले होते, तळाशी पाने व उरलेले खाद्य कुजत होते, आणि ते दिवस ढगाळ, वारा पडलेले होते.

ग्रंथालयातील पुस्तके चाळल्यावर या खुणांचा अर्थ लागला. तीस अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तो पाचाच्या खाली गेला की बहुतेक माशांना त्रास होतो. दोनाच्या खाली बरेचसे तगत नाहीत. हिरवे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू देते, पण रात्री तेच तो वापरते. कुजणारा गाळही तो खातो. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो, आणि ढगाळ दिवसांनंतर आणखी कमी. मोठ्या माशांना तो जास्त लागतो; लहान मासे पृष्ठभागाच्या पातळ थरावर तग धरतात. कीटकनाशक असते तर किडे आणि लहान मासे आधी गेले असते.

मग कुंडातला गाळ काढला, खाद्य कमी केले आणि रात्री पाणी वरून पडत राहील असा छोटा पंप लावला. नळाचे पाणी एक दिवस उघड्या पिंपात ठेवून थोडे थोडे बदलले, कारण क्लोरीनने माशांचे कल्ले भाजतात. मासे मरायचे थांबले. हा न्यायालयातला पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु औषधाच्या आरोपामागे तर एकही खूण नव्हती! काका हळदीला गेले, हे काय थोडे झाले?

कुणी म्हणेल, नऊ माशांसाठी एवढा खटाटोप कशाला? मी म्हणते, सवय लहान गोष्टीतच लागते. मुंबईच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या वारंवार येतात. तेथेही पाण्यात पडलेले अन्न व निर्माल्य कुजते आणि प्राणवायू संपतो. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. पण म्हणून ते टाळता येत नाही, असे थोडेच आहे?

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. "निसर्गाचा कोप" म्हणून हात झटकणे हेसुद्धा न तपासताच दिलेले उत्तर होय. आमच्या उरणच्या खाड्यांत भराव पडले, कांदळवने गेली, भरती-ओहोटीच्या वाटा बुजल्या आणि मासळी घटली. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने येथील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ज्यांनी नुकसान कागदावर मांडले, त्यांचीच दखल घेतली गेली. चौकशी निरपराध्याला सोडवते, तशीच ती खऱ्या कारणावर बोटही ठेवते. न तपासता केलेला आरोप मात्र दोन्ही ठिकाणी निरुपयोगी ठरतो.

विद्यार्थी मित्रहो, हे काम केवळ विज्ञान शाखेचे आहे असे समजू नका. इतिहासात साक्षीपुरावा पारखायला, तर्कशास्त्रात अनुमान तपासायला आपल्यालाच शिकवतात. आपल्या गावचे तलाव आणि खाड्या यांची एक नोंदवही महाविद्यालयाने ठेवावी, अशी प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे. तारीख, वेळ, हवा, पाण्याचा रंग, मेलेली मासळी, एवढे लिहायला कोणतेही यंत्र लागत नाही. आणि माहिती विचारायला प्रत्येकाच्या घरी किंवा शेजारी एखादे आजोबा असतातच. त्यांना अक्षर येत नसेल, पण पाणी वाचता येते.