साधने आहेत, सोबत नाही

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि महाविद्यालयांच्या सभागृहांतून नाणेघाटाचा शिलालेख, गाथासप्तशती, लीळाचरित्र ही नावे पुन्हा दुमदुमली. हारतुरे उतरल्यावर वर्ग भरले तेव्हा विद्यार्थ्यांच्या हाती मात्र पूर्वीचेच गाईड होते. ज्या साधनांच्या बळावर हा दर्जा मागितला गेला, त्यांतले एकही पान न पाहता मराठीची पदव्युत्तर पदवी मिळवता येते. या विसंगतीचे खापर कधी न वाचणाऱ्या विद्यार्थ्यांवर, कधी सत्रपद्धतीवर फोडले जाते. आमच्या मते खरे कारण वेगळे आहे. मुळातून शिकवू पाहणारा शिक्षक आज एकटा आहे, आणि त्याला एकटे ठेवण्यात आपल्या साऱ्या व्यवस्थेला काहीही गैर वाटत नाही.

एक उदाहरण घेऊ. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ सालचा. वर्गात तो सहसा ‘आद्य स्त्रीवादी लेखन’ या बिरुदासह आणि पाच वैशिष्ट्यांच्या यादीसह उरकला जातो. तो खऱ्या अर्थाने शिकवायचा तर आधी सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवरचा १८८१ सालचा अर्भकहत्येचा खटला समजावून द्यावा लागतो. वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर उठलेली झोड दाखवावी लागते. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू कशी घेतली तेही शेजारी ठेवावे लागते. मधली नव्वदएक वर्षे हा निबंध जवळपास विस्मृतीत होता आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो पुन्हा प्रकाशात आणला, हाही वाङ्मयेतिहासाचाच भाग. शिवाय त्या बोलभाषेतल्या म्हणी आणि आज वापरातून गेलेले शब्द उलगडून द्यायचे, ते निराळेच. आठवड्याचे तास, पेपरतपासणी आणि मूल्यांकनाच्या फायली सांभाळून एका माणसाने हे सारे करावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. पाच जणांनी वाटून घेतले तर तेच काम एका सुटीत होऊ शकते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : मूळ साधने हा संशोधकांचा प्रांत, पदवीच्या मुलांना ती कशाला? तुकारामांची गाथा १८६९ आणि १८७३ साली शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली दोन खंडांत निघाली, ती अनेक हस्तलिखिते ताडून. एकाच अभंगाचे दोन पाठ समोर ठेवले की विद्यार्थ्याला कळते की छापलेल्या ओळीमागेही कोणाचा तरी निर्णय असतो. तुकोबांच्या नावावर कोणीही काहीही खपवावे आणि ते भ्रमणध्वनीवरून घरोघर पोचावे, अशा काळात ‘हे कुठल्या प्रतीत आहे?’ असे विचारण्याची सवय ही चैन नव्हे. ती सवय वर्गात लागली नाही, तर कुठे लागणार?

दुसरा आक्षेप असा की आता दुर्मीळ ग्रंथांची पाने संगणकावर आली आहेत, मग अडते कुठे? अडते ते इथे की पान म्हणजे पाठ नव्हे. मोडी न येणाऱ्या शिक्षकाला मोडीचा कागद हे एक चित्र असते. कोणीतरी त्याचे लिप्यंतर करून द्यावे लागते, कोणीतरी ‘हा शब्द असा वाचा’ म्हणून सांगावे लागते, आणि कोणीतरी ‘हे पान आमच्या वर्गात फसले, तुम्ही दुसरे घ्या’ असा प्रामाणिक निरोप द्यावा लागतो. प्रमाणपत्र, भोजन आणि समूहछायाचित्र या त्रयीत संपणाऱ्या प्रशिक्षणवर्गांतून हे घडत नाही, कारण वर्ग संपताच सोबतही संपते.

आपल्या परंपरेत सोबतीने काम करण्याचे दाखले नाहीत असे थोडेच आहे? १८७८ साली काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला आणि जुनी काव्ये, बखरी, पत्रे मासिकरूपाने वाचकांच्या हाती दिली. ही मंडळी शिक्षकी पेशातली होती, हे आपण सोयीस्करपणे विसरलो. राजवाड्यांची आठवण आपण काढतो ती एकांड्या शिलेदाराची. १८९८ पासून साधनांचे खंड काढणारा विक्षिप्त तपस्वी एवढीच. याच राजवाड्यांनी १९१० साली खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. आपण तपस्व्याची तसबीर लावली आणि मंडळाचा धडा सोडून दिला. आणखी मागे जायचे तर लीळाचरित्रापाशीच थांबावे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी अनेकांना भेटून, विचारून, पडताळून मिळवल्या. पुढे मूळ प्रत हरपल्यावर पंथातल्या माणसांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, म्हणूनच त्याचे वेगवेगळे पाठ झाले. ज्या गद्यग्रंथाचे नाव घेऊन आपण अभिजाततेचा गौरव मिरवतो, तो ग्रंथच सामुदायिक कष्टाचे फळ आहे.

अशी मंडळी आज जमत का नाहीत? कारण विचारण्यात आपल्याला कमीपणा वाटतो. महानुभावांची सकळ लिपी वाचता येत नाही, अमक्या शब्दाचा अर्थ लागत नाही, असे म्हटले की विद्वत्ता उणावते अशी धास्ती असते. दुसरीकडे, ज्यांच्यापाशी नकला आणि टिपणे आहेत ते ती बाडात बांधून ठेवतात; न जाणो, एखादा शोधनिबंध दुसऱ्याच्या नावे जायचा. या दोन्हींची किंमत सर्वांत जास्त मोजतो तो तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण प्राध्यापक. त्याला पगार तासापुरता, संशोधनासाठी रजा नाही, आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. त्याच्या वर्गातली मुले मुळापासून वंचित राहतात, ती त्याच्या आळसामुळे नव्हे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. समारंभ नको, उद्घाटक नको, अध्यक्षपद तर नकोच. समान अभ्यासक्रम शिकवणाऱ्या पाच-सात शिक्षकांनी एका सत्रासाठी एक ग्रंथ निवडावा. ग्रंथालयाजवळ राहणाऱ्याने पाने मिळवावीत, मोडी जाणणाऱ्याने लिप्यंतर करावे, एकाने शब्दार्थ लावावेत, एकाने वर्गात विचारायचे प्रश्न घडवावेत. प्रत्येक कामावर करणाऱ्याचे नाव असावे, मग तो विभागप्रमुख असो वा तासिकेवरचा. फसलेल्या तासाची नोंदही यशस्वी तासाइतकीच जपावी. आणि विद्यापीठांना बढतीसाठी शोधनिबंध मोजता येत असतील, तर वर्गासाठी सिद्ध केलेले असे एक सटीप पानही मोजता आले पाहिजे, हे अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या आपल्यातल्याच मंडळींनी लेखी मागावे. सुरुवात ‘स्त्रीपुरुष तुलने’पासून करायला हरकत नाही.